मधे थांबवायचं नाही, मोजायचं

दोलन म्हणजे काय हे मी एकतीस वर्षं नववीच्या पोरांना शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही वर्गाने पहिल्या फटक्यात ते बरोबर मोजलं नाही. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा एका बाजूला ओढून सोडला, तो पलीकडे पोचला, की लगेच आरडाओरडा, सर, एक! एक कसलं, डोंबल? पलीकडे गेला म्हणजे अर्धं झालं. निघाला तिथे परत आला की एक. दुसरी चूक याहून गाढवपणाची. गोळा सोडता सोडताच कार्टी ‘एक’ म्हणतात. अजून गोळा हललाही नाही आणि यांचं एक झालं! सोडताना शून्य म्हणायचं, परत आल्यावर एक. वीस दोलनं मोजायची, लागलेल्या वेळेला विसाने भागायचं, तो दोलनकाल. ज्याचं चुकलं त्याला मी तास संपेपर्यंत टेबलाशेजारी उभा करायचो आणि पुढच्या गटाचं प्रात्यक्षिक मोठ्याने मोजायला लावायचो. एकदा एका मुलीने विचारलेलं, ‘सर, मधेच हाताने थांबवला तर?’ मी म्हटलं, ‘थांबवायचं नाही. मोजायचं.’ वर्ग हसला. ती खाली बसली.

हा शब्द घरात कोणी वापरत नाही. घरात झोका असतो, हेलकावा असतो, फार तर देवघरात लामणदिवा डुलतो. आंदोलन म्हटलं की पोरांना रास्ता रोको आठवतो, तो शब्द या दोलनाचाच सख्खा भाऊ आहे हे सांगून मी दमलो. पेपरवाले एखाद्या पुढाऱ्याबद्दल ‘त्यांची मनःस्थिती दोलायमान आहे’ असं लिहितात, म्हणजे गडी कुठल्या पक्षात जायचं याचा हिशेब करतोय. आमच्या आईला यातला एकही शब्द लागला नाही. ती ‘खेप’ म्हणायची. ‘आता कितवी खेप रे ही?’

वडील गेले तेव्हा आई कल्याणला दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची खुर्ची, आत ओटा, ओट्याच्या वर तिने स्वतः ठोकलेली फळी. तेराव्यानंतर ती म्हणाली, ‘मी इथेच राहते. मला काही होत नाहीये. शेजार आहे.’ दादा म्हणाला, ‘दोन दोन मुलगे असताना आई एकटी? लोक शेण घालतील तोंडात.’ मीही मान डोलावली. आईची सोय हा विषय त्या दिवशी निघालाच नाही, लोक हा निघाला. महिन्याभरात खोल्या मालकाला परत केल्या. फळी भिंतीतून निघेना म्हणून तशीच सोडली. आई खाली रिक्षात बसायच्या आधी परत वर गेली आणि फळीवर एकदा हात फिरवून आली.

दादा नौपाड्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या तीनमजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावर. मी डोंबिवलीला. ठरलं असं की एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. वाटणी मीच केली. घरात शिकलेला मी, शास्त्र शिकवणारा मी, दादा एका कंपनीत सुपरवायझर. त्याला म्हटलं, ‘तू थोरला, तू आधी. जानेवारी तुझा, फेब्रुवारी माझा, मार्च तुझा.’ तो बिचारा हो म्हणाला. विषम महिने त्याचे झाले, सम माझे. मुठीवरचे उंचवटे मोजायला कोणाला येत नाहीत? पण मोजले फक्त मी. विषम महिन्यांचे होतात एकशे चौऱ्याऐंशी दिवस, सम महिन्यांचे एकशे एक्क्याऐंशी. वर्षाला तीन दिवस दादाकडे जास्त. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता कबूल करायला लाज वाटतेय, तेव्हा मात्र गुदगुल्या होत होत्या.

दोन वर्षांनी वहिनींनी ते पकडलं. फोनवर म्हणाल्या, ‘भावोजी, तुमचं गणित चांगलंय हो. एकतीस एकतीसचे महिने आमच्या टर्नला आणि फेब्रुवारी तुमच्या?’ मी म्हटलं, ‘वहिनी, कॅलेंडर मी नाही छापलं.’ त्या म्हणाल्या, ‘मग आपल्या लोकांचं वापरू. तिथी धरा. अमावास्या ते अमावास्या, ना तीस ना एकतीस.’ मला तो तोडगा आवडला. खरंच आवडला, कारण शास्त्रशुद्ध होता. जर्नलचा कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहून काढलं. चैत्र, ज्येष्ठ, श्रावण, आश्विन, मार्गशीर्ष, माघ – दादाकडे. बाकीचे सहा माझ्याकडे. दोन प्रती, एक त्यांच्या फ्रिजवर, एक आमच्या. आई दोन्ही फ्रिजमधून दूध काढायची तेव्हा तो कागद तिच्या नाकासमोर असायचा.

बायकोने तेव्हा एकदाच विचारलं, ‘आईंना विचारलंत का?’

मी म्हटलं, ‘त्यात विचारायचं काय?’

तर अमावास्येच्या अमावास्येला मी किंवा दादा, ज्याची पाठवायची बाजू असेल तो, आईला गाडीत घालून शीळफाट्यावरून पलीकडे सोडून यायचो. फाट्यावर ट्रॅफिक, तासन् तास. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या वर्षी दोन बॅगा असायच्या, एक वळकटी, एक डबा ज्यात कापसावर बाळकृष्ण. मग वहिनी म्हणाल्या देव्हाऱ्यात जागा नाही, आमच्या देव्हाऱ्यात एक बाळकृष्ण होताच, तर तो डबा कुठेतरी राहिला. वळकटी राहिली. एक बॅग राहिली. शेवटी एक कापडी पिशवी. पुस्तकात हे दिलेलं आहे. गोळ्याचा आयाम, म्हणजे तो मधल्या जागेपासून किती लांब जातो ते, हळूहळू कमी होतो, पण दोलनकाल तोच राहतो. आणखी एक नियम आहे, गोळा जड असो की हलका, वेळेत फरक पडत नाही. आईचे ब्लाउज सैल पडायला लागले होते. नौपाड्याला वहिनी शिवण आत घ्यायच्या, डोंबिवलीला बायको आणखी आत घ्यायची. वजनाचा आणि तारखेचा काही संबंध नव्हता. अमावास्या आली की आई निघायची.

नौपाड्याला तिच्या कॉटच्या डाव्या हाताला भिंत, तिथे पंख्याचं बटण. आमच्याकडे उजव्या हाताला. आल्यावर पहिले आठ-दहा दिवस ती चुकीच्या बाजूला हात मारायची. आमच्याकडे डावीकडे कपाट, त्याच्या दारावर तळहात आपटायची, मग हसायची, ‘अगं बाई, हे तुमचं घर नाही का.’ दहा दिवसांनी हात बरोबर बाजूला जायला लागायचा. आणखी वीस दिवसांनी अमावास्या. मी हे सगळं बघायचो. बघून एकदा दादाला फोनवर हसत सांगितलंसुद्धा, ‘तुझ्या घरातलं बटण तिच्या अंगात भिनलंय.’ तो म्हणाला, ‘इथे आली की तुझं भिनलेलं असतं.’ आम्ही दोघं मनापासून हसलो. त्या वर्षात आम्ही भाऊ भाऊ एकत्र हसलो ते बहुधा तेवढंच.

मी घरी शिकवण्या घेतो. बाहेरच्या खोलीत पडद्याच्या दांडीला दोरा बांधून गोळा सोडतो, पोरं खाली सतरंजीवर. एका संध्याकाळी आई पाणी प्यायला बाहेर आली आणि हातात भांडं घेऊन तिथेच उभी राहिली. पोरं मोजत होती, बारा, तेरा, चौदा. ती बराच वेळ बघत होती.

‘हा मधे कधी थांबतो?’ तिने विचारलं.

‘कोणी ढकललं नाही तर थांबतो हळूहळू.’

‘मग ढकलू नका ना रे,’ आई म्हणाली.

पोरं खुदकन हसली. मीही हसलो. ती गोळ्याबद्दल बोलत नव्हती हे मला तिथल्या तिथे कळलं होतं, मी इतका बुद्धू नाही. ती माझ्याकडे बघत होती, गोळ्याकडे नाही. मी म्हटलं, ‘आई, आत जा. तास चालू आहे.’ ती भांडं घेऊन आत गेली. पोरांचा आकडा चुकला होता, त्यांना पहिल्यापासून मोजायला लावलं.

मग तो अधिक श्रावण आला.

कागद लिहिताना मी बारा महिने धरले होते. तीन-एक वर्षांनी तेरावा येतो हे पंचांग उघडणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अधिक महिना म्हणजे जावयाला अनारसे द्यायचा महिना, लग्नकार्य न करायचा महिना, सगळं ठाऊक होतं. पण कागदावर तो आलाच नाही. आषाढ माझ्याकडे होता. त्यानंतर श्रावण दादाचा. पण आधी अधिक श्रावण, मग निज श्रावण. तो मधला महिना कोणाचा?

आठवडाभर आधी दादाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होतो, हाताला कणीक, बायकोने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. आई खाली मांडी घालून मेथी निवडत होती.

‘अधिक महिना धरत नाहीत,’ दादा म्हणाला. ‘मलमास तो. मुंज करतोस तू अधिकात? वास्तुशांत करतोस? मग? तो महिना मोजायचाच नाही. आई आहे तिथे राहील, निज श्रावण लागला की मी घेऊन जाईन.’

‘महिना मोजायचा नाही म्हणजे आई महिनाभर जेवणार नाही का? कागद वाच. श्रावण तुझ्या नावावर आहे. पहिला श्रावण, दुसरा श्रावण, दोन्ही श्रावणच. दोन्ही तुझे.’

‘असं कुठे असतं?’

‘कागदावर असतं.’

मागून वहिनींचा आवाज आला, फोनपासून लांब असतील पण स्पष्ट आला, ‘दुष्काळात तेरावा महिना, तो पण आमच्याच डोक्यावर का? सांगा त्यांना.’

बायकोने हात पुढे करून फोन बंद केला. आई मेथीच्या काड्या एका बाजूला करत होती, पानं एका बाजूला. जुडी संपली तेव्हा म्हणाली, ‘मला इथेच राहू दे ना रे. तीसच तर दिवस. नाहीतर त्याच्याकडे राहू दे. कुठेही, पण एका ठिकाणी राहू दे आता. मला बाई चक्कर येते.’

इतकं स्पष्ट ती आधी कधी बोलली नव्हती. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, ‘आई, प्रश्न दिवसांचा नाहीये. तत्त्वाचा आहे.’

तत्त्व! आता हा शब्द आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. आईने सकाळी उठून आमच्याकडची समई, निरांजनं, लामणदिवा सगळं खाली काढलं, चिंच लावून घासलं, पाटावर मांडलं. संध्याकाळी लावायचे म्हणून वातीसुद्धा वळून ठेवल्या. मी गाडीची चावी घेऊन उभा.

‘दिवे लावून निघूया ना,’ ती म्हणाली.

‘तिकडे लाव. फाट्याला ट्रॅफिक लागेल.’

‘तिकडे वहिनीने घासले असतील. हे मी घासलेत.’

‘आई, चल.’

रस्त्यात मटणाच्या दुकानांसमोर रांगा होत्या, गटारी साजरी करणारी मंडळी पिशव्या घेऊन उभी. आई काचेतून बघत होती.

नौपाड्याला दोन जिने चढून वर गेलो. आई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होती. बेल वाजवली. परत वाजवली. दाराला लॅच, बाहेरून कुलूप आहे की नाही कळायला मार्ग नाही. आतून मिक्सर फिरल्याचा आवाज आला असं मला वाटलं. आजही वाटतं. शेजारच्या घरातला असेल. दादाला फोन लावला.

‘आम्ही खडवलीला आलोय, हिच्या भावाकडे,’ तो म्हणाला. ‘तुला सांगितलेलं ना, हा महिना माझा नाही. आईला घेऊन परत जा.’

‘खडवलीला? आणि घरात मिक्सर कोण लावतंय, भूत?’

‘तू वेडा झालायस,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

माझं डोकं असं सटकलं म्हणता! माझी खात्री होती की दोघं आत दाराला कान लावून उभी आहेत. मी आईला परत खाली आणलं. तळमजल्याला एक दवाखाना आहे आणि त्याला लागून झेरॉक्सचं दुकान. दवाखान्यात पेशंटच्या बाकावर तिला बसवलं, पिशवी मांडीवर दिली. म्हटलं, ‘दादा पाच मिनिटांत येतोय. इथून हलू नकोस.’ तिने विचारलं, ‘नक्की येतोय?’ मी म्हटलं, ‘येतोय ना.’ मग गाडीत बसलो, दादाला मेसेज टाकला की आई खाली दवाखान्यात बसलीय, दोन जिने उतर आणि घे. आणि माझा फोन बंद केला. तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते.

घरी आलो. जेवलो. बायकोने विचारलं, ‘पोचल्या का आई?’ मी म्हटलं, ‘पोचली.’ आणि झोपलो. झोप लागलीसुद्धा छान, हे लिहायलाच पाहिजे.

साडेचारला बायकोने हलवून उठवलं. तिच्या फोनवर झेरॉक्सवाल्याचा फोन आला होता. आईच्या पिशवीत नंबरांची छोटी वही असायची, त्यातून त्याने शोधला. बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्ही उठताय की मी जाऊ?’ इतकंच. एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी त्या सुरात कधी बोलली नव्हती.

पोचेपर्यंत सहा वाजले. दवाखाना एक वाजता बंद झाला होता, तेव्हा तिथल्या बाईने आईला उठवून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी आधी तिला आत बोलावलं होतं म्हणे, त्यांना वाटलं पेशंट आहे. काय होतंय विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही हो, मुलगा येतोय.’ कोणता मुलगा, डॉक्टर दादाला ओळखतात म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, ‘दोघांतला जो येईल तो.’

दुकानदाराने तिला चहा दिला होता, तो तिने घेतला नव्हता. वडापाव मागवला होता, तो कागदात तसाच. मला बघून ती उठली आणि दुकानदार पटकन दुसरीकडे बघायला लागला. खुर्ची ओली होती. आईच्या पातळाचा मागचा भाग ओला होता, खाली फरशीवरही होतं. सात तास झाले होते.

‘आई, बाथरूम आहे ना मागे. सांगायचंस त्यांना.’

‘तू हलू नको म्हणालास ना,’ ती म्हणाली. ‘आणि मी आत गेले असते आणि तेवढ्यात तो येऊन गेला असता तर?’

दुकानदार जुने कागद घेऊन खुर्ची पुसत होता. मी त्याच्या हातातून कागद घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.

तेवढ्यात रिक्षातून दादा उतरला. घामाघूम, चपलांना चिखल. खरंच खडवलीला होता. नदीवर गेले होते, फोन भावाच्या घरी राहिला होता, मेसेज चारला वाचला. असं झाल्यावर दोन शहाणी माणसं काय करतील? आईला वर नेतील. आम्ही फुटपाथवर भांडलो. तू आणलीस, तू ने. कागद वाच. अधिक धरत नाहीत. तू काय भटजी लागून गेलास? तू काय वकील? आई आमच्या दोघांच्या मधे उभी होती, ओलं पातळ मागून हाताने धरून, जो बोलेल त्याच्याकडे बघत होती. आधी इकडे, मग तिकडे, मग इकडे.

शेवटी झेरॉक्सवाला म्हणाला, ‘अहो, आधी त्यांना आत तरी न्या. कपडे बदलू द्या.’

त्याच्यासमोर दादाला लाज वाटली. बिल्डिंग त्याची होती, ओळखीचे लोक त्याचे होते, माझे नव्हते. त्याने आईची पिशवी घेतली, तिचा दंड धरला आणि जिन्याकडे निघाला. आईने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही श्रावण तिकडे राहिले. म्हणजे मी जिंकलो.

घरी आलो तर आईने घासलेले दिवे लागलेले होते. बायकोने लावले होते. ती पाटासमोर बसली होती, मी आलो तशी उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही, मीही समजूत काढली नाही. जिंकलेला माणूस कशाला समजूत काढेल?

पुढच्या वर्षी दादाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नौपाड्यात आता कोपऱ्याकोपऱ्यावर तेच चाललंय. तो आणि वहिनी तीन वर्षांसाठी मुलीकडे बेंगळुरूला गेले. जाताना आईला माझ्याकडे सोडलं. दादा दारातच उभा राहिला, बूट न काढता. म्हणाला, ‘आता ठेव.’ ज्याच्यासाठी ती हात जोडत होती ते असं मिळालं. कोणी दिलं नाही, बुलडोझरने दिलं. मी मात्र ते स्वतः दिल्यासारखं तिला सांगितलं. म्हटलं, ‘आई, आता तू इथेच. कायमची. कुठे जायचं नाही.’

ती म्हणाली, ‘बरं.’

पुढच्या अमावास्येला सकाळी उठून बघतो तर आई बाहेरच्या खोलीत दाराजवळ खुर्चीवर. चांगलं पातळ नेसलेली, मांडीवर पिशवी. ‘किती वाजता निघायचं? फाट्याला ट्रॅफिक लागेल.’ मी समजावलं. तिने मान हलवली. पिशवी सोडली नाही. संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली, जेवली नाही, आणि मुख्य म्हणजे बाथरूमला उठली नाही. बायको तिच्या पाया पडायची तेवढी बाकी होती. त्याच्या पुढच्या अमावास्येला तेच. मी फ्रिजवरचा कागद फाडून टाकला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून कपाटात घातलं. तरी तिला अमावास्या कळायची, कशी ते देव जाणे. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी ती नुसती पेंगायची. पेंगतानाही पिशवीचे बंद मुठीत.

शेवटी बायकोनेच तोड काढली. अमावास्येला आईला गाडीत बसवायचं, पत्री पुलापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. अर्धा-पाऊण तास. परत त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच घरात, त्याच कॉटवर. ती शांत होते. जेवते. आता गेले आठ महिने हे चाललंय. निघाला तिथे परत आला की एक. मी मोजत नाही म्हणतो, पण आठ झाले हे मला ठाऊक आहे.

गेल्या अमावास्येला आम्ही परत आलो. मी तिला कॉटवर बसवलं, पिशवी उशाशी ठेवली. उकडत होतं. तिने पंख्यासाठी हात लांब केला, डावीकडे. तळहात कपाटावर आपटला. पूर्वी ती हसायची. आता हसली नाही, तिला ते कपाट लागल्याचं कळलंच नाही. मी वाकून उजवीकडचं बटण दाबलं.

‘दादा,’ ती म्हणाली.

ती मला कधी दादा म्हणत नाही. घरात दादा एकच.

तिने माझा हात धरला. दाराकडे एकदा बघून घेतलं, कोणी ऐकत नाही ना. ‘दादा, या खेपेला मला जास्त दिवस ठेवून घे ना रे. धाकट्याकडे नको.’

‘का? तिथे त्रास होतो का?’

‘छे! त्रास कसला. सून लाखात एक आहे. खायला-प्यायला सगळं आहे.’ तिने आवाज आणखी खाली आणला. ‘पण तो मोजतो रे. मी चहा पीत असते ना, तेव्हापण मोजत असतो. तोंडावर दिसतं त्याच्या.’

पंखा फिरत होता. आत बायको कुकर लावत होती. मला म्हणायचं होतं, आई, मीच तो. म्हटलं नाही. भित्रा माणूस मी, मान्य आहे.

‘राहा,’ मी म्हटलं. ‘हवे तितके दिवस राहा. कुठे जायचं नाही.’

हे वाक्य मी तिला आधीही सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडाने. तेव्हा ती नुसती ‘बरं’ म्हणाली होती. आता तिचा चेहरा असा सुटला, लहान मुलीसारखा. माझा हात तिने दोन्ही हातांनी दाबला आणि कॉटवर आडवी झाली. मी पांघरूण घातलं. मला वाटलं झोपली, म्हणून उठलो. तोच तिने परत डोळे उघडले. काळजीत पडली होती.

‘पण त्याला विचारून घे हं आधी,’ ती म्हणाली. ‘कागद त्याच्याकडे असतो.’

मी म्हटलं, ‘विचारतो.’